पावसाळ्यांनी खाल्लेली स्विफ्ट ट्रॅकवर नेताना

गोव्यात जुनी गाडी घेताना मीटरवरचे किलोमीटर नंतर बघावेत. ती किती पावसाळे उघड्यावर उभी होती, ते आधी विचारावं. शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायला आम्ही घेतलेली २००७ची स्विफ्ट व्हीएक्सआय हणजूणला, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, माडांखाली उभी असायची. मीटर १ लाख १२ हजार दाखवत होता, इंजिन एका चावीत चालू होत होतं, रंगही वरवर चांगला होता. जमिनीवर आडवं होऊन खाली टॉर्च मारला तेव्हा मात्र अठरा पावसाळे एकदम दिसले. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, उरलेले महिने खारं वारं आणि प्रत्येक सांदीत जाऊन बसणारी तांबडी माती. चतुर्थीनंतर काम काढलं ते फेब्रुवारीपर्यंत चाललं. त्यातला बहुतेक वेळ ही ओल शोधून बाहेर काढण्यात गेला. इंजिनची ताकद वाढवण्यावर एक रुपयाही घातला नाही, आणि आज पुन्हा काम काढलं तरी घालणार नाही.

पहिल्या पिढीची स्विफ्टच का, हे थोडक्यात. २००५ ते २०१० या काळातल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये १२९८ सीसीचं जी१३ मालिकेचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आहे. मिनिटाला ६००० फेऱ्यांना ८७ अश्वशक्ती, ४५०० फेऱ्यांना ११३ न्यूटन मीटर, आणि गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास. याच घराण्याचं इंजिन एस्टीममध्ये आणि जिप्सीमध्येही होतं, त्यामुळे सुटे भाग आजही म्हापशात, फोंड्यात, बेळगावात सहज मिळतात. २०१०मध्ये १.२ लिटरचं के मालिकेचं इंजिन आलं. तेही चांगलंच आहे, पण जुन्या इंजिनावर हात बसलेले मेस्त्री आपल्याकडे जास्त. फियाट पालिओ १.६ चालवायला याहून मजेदार आहे, हे मान्यच करावं लागेल. पण तिच्या चाकांच्या बोल्टांचा ९८ मिलिमीटरचा वर्तुळव्यास इथल्या दुसऱ्या कुठल्या गाडीला फारसा जुळत नाही, आणि एक छोटा सेन्सर गेला तर गाडी महिनाभर उभी राहते. स्विफ्टला १०० मिलिमीटरची चार नटांची चाकं लागतात, ती कुठेही मिळतात.

सुरुवात पत्र्यापासून केली. सीट, कार्पेट, दारांच्या उंबऱ्यांवरची प्लास्टिकची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानीतलं अस्तर, सगळं काढलं. चालकाच्या पायाखालच्या कार्पेटखालचा फेल्ट पिळला तर पाणी गळलं. पाणी येत होतं ते समोरच्या काचेखालच्या जाळीतून. तिथे माडाची सुकलेली फुलं आणि माती साचून निचऱ्याचं भोक बंद झालेलं. त्यामुळे पाणी वर चढून हवेच्या मार्गाने आत उतरायचं. ही जाळी काढून हाताने साफ करणं हे पंधरा मिनिटांचं काम. ते न केल्याने जमिनीचा पत्रा दोन ठिकाणी चाळणीसारखा झाला होता.

गंज डोळ्यांनी ठरवू नये. बोथट स्क्रू ड्रायव्हर घेऊन उंबऱ्याखालची शिवण, जॅक लावायच्या जागा, मागच्या ॲक्सलचे आधार आणि बॉनेटखाली शॉकअपचे वरचे मनोरे ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटणतो, खाल्लेला भदभदतो. भदभद आवाज आला की टोक दाबायचं. आत गेलं तर तो भाग कापायचाच. शंका असेल तिथे लोहचुंबक लावावा. आमच्या डाव्या उंबऱ्यावर एक वीतभर जागेत चुंबक धरतच नव्हता, कारण तिथे पत्राच नव्हता. कोणीतरी लांबी, म्हणजे पुटी, भरून रंग मारला होता. रस्त्यावर हे खपून जातं. ट्रॅकवर उंबरा हा गाडीचा कणा असतो. तो नरम असला तर वळणात सगळी बॉडी पिळवटते, अलाइनमेंटला अर्थ उरत नाही आणि अपघात झाला तर दार आत येतं.

पत्र्याच्या मेस्त्रींशी दोन गोष्टी आधी ठरवून घेतल्या. उंबरा आणि जॅकच्या जागांना १.२ मिलिमीटरचा पत्रा, जमिनीला ०.८चा. आणि वेल्डिंग मिगचंच, म्हणजे विजेवर तार वितळवून केलेलं, गॅसच्या ज्योतीने नाही, कारण गॅसच्या उष्णतेने पत्रा लांबवर वाकतो आणि आजूबाजूचा गंजरोधक थरही जळतो. नव्या पट्टीला दर २५ ते ३० मिलिमीटरवर ८ मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून टाका भरला. कंपनीच्या ठिपक्यांच्या वेल्डिंगच्या सगळ्यात जवळ जाणारी पद्धत हीच. टाके एका ओळीने मारत गेलो नाही, एक इकडे एक तिकडे असे मारले, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचे प्लग काढून ठेवायला विसरू नका. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात तिथे आधी झिंक प्रायमर, टाके झाल्यावर शिवणीला सीलंट, मग एपॉक्सी प्रायमर, मग रंग. हे सगळं नोव्हेंबरात, कोरड्या हवेत केलं. सप्टेंबरात घाई केली असती तर ओल आतच कोंडली गेली असती. प्रायमर मारण्याआधी गाडी दोन दिवस चारही दारं उघडून उन्हात ठेवली होती.

वीजजोडणीत एकच काम मोठं निघालं, ते अर्थिंगचं. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावली, तर ०.७ व्होल्ट दाखवले. हा आकडा ०.२च्या आत हवा. इंजिनला बॉडीशी जोडणारी वेणीची पट्टी आतून हिरवी पडली होती. नवी पट्टी घातली, खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, नट आवळून वर ग्रीस लावलं. त्यानंतर फॅनचा वेग वाढला, हेडलाइट स्वच्छ झाले आणि अधूनमधून लागणारा इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा लागला नाही. सेन्सर बदलत सुटण्याआधी ही तपासणी करा.

इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी पूर्ण चार्ज. यातली एक जरी अट चुकली तरी आकडे खोटे येतात. या इंजिनला साधारण २०० पीएसआय नवं, १७०च्या खाली झिजलेलं आणि दोन सिलिंडरमधला फरक १४पेक्षा जास्त नको. आमचे आकडे १८६, १८४, १७१, १८५. तिसऱ्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजलं, तर १७३. तेलाने आकडा उसळला असता तर पिस्टनच्या रिंग गेल्या आहेत असं ठरलं असतं. उसळला नाही म्हणजे गळती व्हॉल्व्हची. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हॉल्व्ह बसवून घेतले. तिथल्या मशीनवाल्यांना या कामाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासला. वाकडेपणा नव्हता, म्हणून घासायला दिलं नाही. उगाच घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि आपल्याकडच्या साध्या पेट्रोलवर ते इंजिन खडखडू शकतं.

हेड उतरलंच होतं, म्हणून टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँक आणि कॅमची ऑइल सील, थर्मोस्टॅट हे एकाच वेळी बदललं. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चालावं. नवा थर्मोस्टॅटही बसवण्याआधी टोपात पाणी तापवून, थर्मामीटर लावून पाहिला. ८२च्या आसपास उघडायला लागला आणि पूर्ण उघडला. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका, कारण खोक्यातून खराब निघालेला थर्मोस्टॅट पुन्हा काढायला अर्धा दिवस जातो.

रेडिएटरने मात्र फसवलं. समोरून तो छान दिसत होता. एसीचा कंडेन्सर पुढे सरकवल्यावर मागे तांबड्या मातीचा लिंपल्यासारखा थर दिसला, आणि खालच्या चार बोटांतल्या ॲल्युमिनियमच्या जाळ्या बोट लावताच पिठासारख्या गळाल्या. खारी हवा आणि माती एकत्र आली की हेच होतं. शहरात हा रेडिएटर कधीच तक्रार करणार नाही. पूर्ण थ्रॉटलवर पंधरा मिनिटं चालवल्यावर काटा चढायला लागेल. नवा घातला, टोपीही नवी घातली. टोपी ही फालतू गोष्ट नाही. दर एका पीएसआय दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू दीडेक अंशाने वाढतो, म्हणजे चांगली टोपी तुम्हाला वीसपंचवीस अंशांची मोकळीक देते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. विहिरीचं पाणी घालू नका.

तेल ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, दांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत काटेकोर. लांब वळणात तेल संपच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, एका बाजूला धावतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. संप काढला होताच, म्हणून पंपाच्या तोंडाभोवती दीड मिलिमीटरच्या पत्र्याची चौकट टाके मारून बसवली. तेल आत येऊ शकतं, पण झपकन बाहेर पळू शकत नाही. तेलाचा दाब दाखवणारं यांत्रिक मीटरही लावलं. तेल गरम असताना दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय मिळत असेल तर बेअरिंगांची चिंता नको. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं ७५डब्ल्यू-९० भरलं. दुकानदार जीएल-५ पुढे करतो आणि भारी आहे म्हणून सांगतो. त्यातली रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझरला मानवत नाहीत.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर, कारण जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न आता टाळता येत नाही. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गोव्याच्या हवेत अर्धी भरलेली टाकी जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभी राहिली तर टाकीच्या छतावर दंव धरतं, ते इथेनॉलमध्ये मिसळतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पंप नेमकं तेच ओढतो. आमच्या टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत काढलेलं पेट्रोल रात्रभर ठेवलं तर सकाळी खाली बोटभर ढगाळ थर दिसला. टाकी उतरवून धुतली, पंपाची जाळी आणि फिल्टर बदलले. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्याही इंजेक्शनच्या दाबाला आणि इथेनॉलला चालणाऱ्या घातल्या. जुन्या नळ्या वाकवल्यावर बारीक भेगा उमटत होत्या. गाडीला आग लागण्याची सुरुवात अशाच भेगेतून होऊ शकते.

दुसरा मुद्दा मिश्रणाचा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तफावत भरून काढतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर जुना कॉम्प्युटर सेन्सरकडे न बघता ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो, आणि मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त ताप. हवा आणि इंधनाचं प्रमाण मोजणारं वाइडबँड मीटर लावून पाहिलं तर पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोलच्या मापात एका भाग इंधनाला १३.४ भाग हवा येत होती, ट्रॅकसाठी १२.५ ते १३ हवं. इंजेक्टर साफ करून घेतल्यावर आणि फिल्टर बदलल्यावर १२.९वर आलं, तिथेच थांबलो. न मोजता नुसता चिप बदलणं म्हणजे अंदाजाने औषध देणं.

खालचं काम सोपं आहे, फक्त एक चूक सर्रास होते. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझरचे लिंक रॉड, पुढचे-मागचे शॉकअप, इंजिनचे माउंट, हे सगळं कंपनीच्या दर्जाचं नवं घातलं. पॉलियुरेथेनचे कडक बुश मुद्दाम टाळले. गाडी आठशे किलोमीटर चालवत न्यायची होती. चूक होते ती आवळण्यात. गाडी जॅकवर लटकत असतानाच मेस्त्री लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतो. त्या वेळी आर्म खाली झुकलेला असतो आणि रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की तो बुश कायम पिळलेला राहतो. दोनपाच हजार किलोमीटरमध्ये फाटतो, आणि गाडी थोडी उंच बसते ती वेगळीच. बोल्ट हाताने लावा, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करा, दोनचार वेळा दाबून हलवा, मग टॉर्क पान्याने आवळा.

शॉकअप आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्याच्या जागी विकेंद्री बोल्ट घातला. त्याने पुढच्या चाकांना डावीकडे उणे १.६ आणि उजवीकडे उणे १.५ अंश कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आतल्या बाजूला कल, मिळाला. कंपनीचा जवळपास शून्य कॅम्बर ठेवला तर वळणात टायरची बाहेरची कडा एका दिवसात सोलवटते. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, बदलतोच, म्हणून टो शेवटी जुळवला, शून्यावर. चाकांची बेअरिंगही तपासली. चाक वर-खाली धरून हलवून पाहणं पुरेसं नाही. हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवायचं, बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये खरखर जाणवते. मागचं डावं गेलेलं निघालं. आत ग्रीसऐवजी तपकिरी पाणी.

आता ब्रेक. ट्रॅकवर ही गाडी हरते ती इथेच. चालकासह ११०० किलोची गाडी १३० वरून ६० किलोमीटर वेगावर आणताना सुमारे ५६० किलोज्यूल ऊर्जा सोडावी लागते. पावणेदोन लिटर गार पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते, आणि त्यातली बरीचशी पुढच्या दोन चकत्या तीनचार सेकंदांत घेतात. मग पुढचं वळण येतं आणि तेच पुन्हा. चकतीचा ताप पॅडमधून पिस्टनमध्ये, पिस्टनमधून ब्रेक ऑइलमध्ये जातो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, नळीच्या रबरातून आणि टाकीच्या टोपीतून. कोरडं डॉट ३ दर्जाचं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की १४०लाच उकळतं. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१चे २६० आणि १८०. हे त्या दर्जाचे किमान आकडे आहेत. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला लागतं. पाऊस आणि वेग यांची गाठ पडते ती कॅलिपरमधल्या, म्हणजे चकतीवर पॅड दाबणाऱ्या पकडीतल्या, या तीन बोटांच्या पोकळीत.

पुढचे दोन्ही कॅलिपर उतरवून पूर्ण खोलले. पिस्टन हवेच्या दाबाने काढताना समोर लाकडाची फळी ठेवावी. पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोट मध्ये असेल तर गेलंच. उजव्या पिस्टनच्या कडेला, धुळीच्या रबराच्या अगदी खाली, गंजाचे खड्डे होते. खड्डा नखाला लागला की तो पिस्टन वापरायचा नाही. तो सील कापत राहतो. नवे पिस्टन, नवी सील. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, साधं पिवळं ग्रीस नाही, कारण त्याने रबर फुगतं आणि पिन अडकते. पिन अडकली की आतला पॅड बाहेरच्याच्या दुप्पट झिजतो.

चकत्या नव्या घातल्या, साध्या गुळगुळीत. भोकं पाडलेल्या चकत्यांना भोकांच्या कडेने भेगा जातात. बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ केला आणि डायल गेज लावून डगमग मोजली, ०.०४ मिलिमीटर. मर्यादा ०.१०ची आहे. हबवर गंजाची एक पापडी राहिली तरी ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक चकतीला दोष देतात. रबरी नळ्यांऐवजी स्टीलच्या वेणीच्या नळ्या घातल्या. पॅड सेमी-मेटॅलिक. फॉग लॅम्पच्या रिकाम्या जागेतून ६३ मिलिमीटरची लवचिक नळी थेट चकतीच्या मध्याकडे नेली. खर्च नगण्य, उपयोग मोठा.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाब तयार करणाऱ्या भागापासून) सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ३१२ अंशांपर्यंत न उकळणारं रेसिंगचं डॉट ४ ऑइल, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. हवा सोडायच्या प्रत्येक निपलला पारदर्शक नळी लावून, ऑइल मधाच्या रंगावरून पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत. मागच्या ड्रमचे निपल गंजून बसले होते. त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी हलके ठोके दिले आणि आधी आवळायच्या दिशेने किंचित फिरवून मग सोडवले. थेट सोडवायला गेलात तर मान मोडते. सिलिकॉनचं डॉट ५ यात चुकूनही घालू नका. ते या ऑइलमध्ये मिसळत नाही.

टायर १९५/५५ आर१५, कडेवरचे शेवटचे चार आकडे बघूनच घेतले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो. चाकांचे नट ८५ न्यूटन मीटर, टॉर्क पान्याने, इम्पॅक्ट गनने नाही. अलॉय चाकाचं मधलं भोक मोठं असेल तर ५४.१ मिलिमीटरची रिंग घालावी.

आतलं काहीही कायमचं उपटून काढलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने नोंदणीतल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे, आणि ही गाडी रस्त्यावरूनच जाणार होती. पंधरा वर्षांनंतरचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं होतं. ते झालं नसेल तर तपासणीला गाडी मूळ रूपातच न्यावी लागते. चार टोकांचा हार्नेस मूळ सीटवर आणि रोल बारशिवाय लावू नका. धडक बसली की खालचा पट्टा पोटावर चढतो, आणि गाडी उलटली तर शरीर ताठ बांधलेलं असतं, छत मात्र खाली येतं. मूळ तीन टोकांचा पट्टा चांगला आहे. दोन किलोचं अग्निशामक धातूच्या पट्टीने, बोल्ट मारून बसवलं. बॅटरीची पकड घट्ट केली. विम्याची साधी पॉलिसी शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान भरून देत नाही, हे समजूनच जायचं.

ट्रॅकवर नेण्याआधी तीनशे किलोमीटर रोजच्या वेगाने चालवली, त्यात चोर्ला घाटाची एक फेरी. नवे पॅड बसवण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २०वर असे दहा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गार करणं. गरम चकतीवर पॅड दाबून उभं राहिलं तर त्या जागी डाग बसतो. परत आल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पाव फेरी सैल झाले होते, नव्या रंगाचा थर दबल्यामुळे.

गोव्यात ट्रॅक नाही. आम्ही विचार केला तो दोन ट्रॅकचा, कोइमतूरजवळचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आणि श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा मद्रासचा ट्रॅक. दोन्ही आठनऊशे किलोमीटरवर. आम्ही कारवार, मंगळूर, कोझिकोडमार्गे करीला गेलो. करी छोटा आहे, सरळ रस्ते फार लांब नाहीत, जुन्या गाडीला पहिल्यांदा न्यायला तोच बरा.

गार टायरमध्ये २९ पीएसआय घेऊन निघालो. पंधरा मिनिटांनी आत आल्याबरोबर मोजलं तर पुढे ३८, मागे ३४. पुढचे ३५वर आणले. टायरच्या कडेवर खडूने रेघ मारली होती; ती नक्षीच्या कोपऱ्यापर्यंतच पुसली गेली, खाली बाजूवर उतरली नाही, म्हणजे दाब आणि कॅम्बर दोन्ही जुळले. पाण्याचा काटा हलला नाही. टाकी निम्म्याखाली जाऊ दिली नाही, कारण वळणात पेट्रोल सरकतं आणि इंजिन अडखळतं.

दुसऱ्या सत्राच्या सहाव्या लॅपला ब्रेकचं पेडल लांब झालं. जमिनीला लागलं नाही, पण अर्ध्यावरून सुरू व्हायला लागलं. लगेच हळू केलं, एक लॅप ब्रेक न लावता, आत येऊन हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी केली. तासाभराने गार झाल्यावर हवा काढली. तीन चाकांचं ऑइल स्वच्छ आलं. पुढच्या उजव्याच्या नळीत बारीक बुडबुडे आणि फिकट पिवळं ऑइल दिसलं. कारणही लगेच कळलं. गोव्यात हवा काढताना दुसरी बाटली शेवटच्या चाकाला थोडी कमी पडली होती, आणि ऑगस्टमध्ये उघडलेल्या एका जुन्या बाटलीतलं शंभर मिलिलिटर त्यात घातलं गेलं होतं. ऑइल त्याच प्रतीचं, बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं. पण भर पावसात उघडलेली बाटली होती ती, आणि तेवढी ओल पुरली. सीलबंद बाटली उघडून ते चाक पूर्ण धुतलं. उरलेल्या दोन सत्रांत पेडल दगडासारखं राहिलं. तेव्हापासून फोडलेली बाटली त्या दिवशी उरली तर ती ट्रॅकच्या गाडीला वापरत नाही, कितीही महाग असली तरी.

घरी आल्यावर पॅड काढून मोजले: बाहेरचे अडीच मिलिमीटर झिजले, आतले तीन. एवढा फरक चालतो. इंजिन ऑइल काढलं, त्याचा रंग काळा पण वास जळका नव्हता, फिल्टर कापून पाहिला तर धातूचा चुरा नव्हता. मागचं उजवं निपल पुन्हा जड झालंय. ते मेमध्ये नवं घालायचं आहे, सोबत उंबऱ्यांच्या आत मेण फवारायचं आहे आणि काचेखालची जाळी साफ करायची आहे. मृगाच्या आत.